घटक ५ : ‘खबरी’ आणि ‘गुप्त बातमीदार’ : मुंबईच्या गुन्हेगारी जगातील एका माणसाची भाषा

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला समाजबोली आणि प्रतिभाषा यांतील भेद उदाहरणांनी सांगता येईल. एकाच व्यक्तीला वेगवेगळ्या भाषाव्यवहारांत वेगवेगळी नावे का मिळतात, याची कारणमीमांसा करता येईल. पोलिसी मराठीतील एखादे वाक्य हाती आले, तर त्यात कोण बोलते आहे आणि कोणाला लपवले आहे, हेही तुम्हांला ओळखता यावे, अशी अपेक्षा आहे.

५.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण व्यवसायबोलींचा विचार केला. व्यापाऱ्यांची नंदभाषा आणि हाताच्या बोटांनी बोलली जाणारी करपल्लवी ही गुप्त संकेतव्यवहाराची उदाहरणे तिथे आली होती. समोरच्या गिऱ्हाइकाला भाव कळू नये, एवढाच नंदभाषेतील गुप्ततेचा हेतू असे. गुपित फुटले, तर चार पैशांचे नुकसान होई.

या घटकात ज्या भाषाव्यवहाराचा विचार करायचा आहे, तिथे गुपित फुटले तर माणूस मरतो. मुंबईच्या गुन्हेगारी टोळ्यांची माहिती पोलिसांना पुरवणारा माणूस हा आपल्या अभ्यासाचा विषय आहे. चित्रपटांनी त्याला टोपी, विडी आणि तिरका डोळा देऊन पुरेसे गुळगुळीत केले आहे. ते चित्र क्षणभर बाजूला ठेवू आणि त्याच्याकडे तो ज्या शब्दांत जगतो व मरतो, त्या शब्दांमधून पाहू.

५.२ एक माणूस, अनेक नावे

हेरगिरी आपल्याकडे जुनी आहे आणि तिची परिभाषाही जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गूढपुरुषांचे वर्गीकरणच दिलेले आहे. कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक आणि तापस हे एका जागी राहून माहिती काढणारे. सत्री, तीक्ष्ण, रसद आणि भिक्षुकी हे फिरते. ही सारी नावे राजाच्या बाजूने दिलेली आहेत, हे लक्षात घ्या. मराठेशाहीच्या कागदपत्रांतील ‘जासूद’ आणि ‘हेर’ हे शब्दही राज्यकर्त्यांच्या दप्तरातले आहेत. त्यांत तुच्छता नाही. बहिर्जी नाईकांचे नाव आपण आदरानेच घेतो.

आधुनिक शहरात मात्र या माणसाचे नाव कोणत्या तोंडून उच्चारले जाते, त्यावर त्याचा अर्थ ठरतो. पोलिसांच्या लेखी मराठीत तो ‘गुप्त बातमीदार’ असतो. मुंबईच्या हिंदीत तो ‘खबरी’ असतो, उत्तरेकडच्या हिंदीत ‘मुखबिर’. मराठी बोलीत तो ‘खबऱ्या’ होतो. यातील ‘या’ प्रत्यय पाहा. फुकट्या, रड्या, घरभेद्या या शब्दांत जो सलगीचा आणि तुच्छतेचा स्वर आहे, तोच ‘खबऱ्या’मध्ये उतरतो. मुंबईत ‘झिरो डायल’ असाही एक शब्द आहे. तो बाहेरच्या वाचकांपर्यंत पोहोचला तो पत्रकार ज्योतिर्मय डे यांच्या याच नावाच्या २०१० सालच्या इंग्रजी पुस्तकामुळे. त्या पुस्तकाचा विषयच खबऱ्यांचे धोकादायक जग हा आहे. डे यांच्याकडे आपण या घटकाच्या शेवटी परत येणार आहोत.

येथे एक शब्दबंध ध्यानात ठेवावा. ‘खबर’, ‘मुखबिर’ आणि वर्तमानपत्र या अर्थाचा ‘अखबार’ हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून आलेले आहेत. ‘अखबार’ हे तर ‘खबर’चे अनेकवचनच आहे. मराठीतही तीच गाठ दुसऱ्या रीतीने बसली आहे. वर्तमानपत्रात ‘आमच्या बातमीदाराकडून’ असे छापून येते, आणि पोलीस ठाण्याच्या कागदात ‘गुप्त बातमीदारामार्फत’ असे लिहिले जाते. शब्द एकच. एकाचे नाव छापले जाते, दुसऱ्याचे कधीच छापले जात नाही.

५.३ प्रतिभाषा आणि तिच्यातील शत्रू

ब्रिटिश भाषावैज्ञानिक एम. ए. के. हॅलिडे यांनी १९७६ साली ‘प्रतिभाषा’ ही संकल्पना मांडली. रूढ समाजाच्या आतच राहून त्याला विरोध करणारा एक प्रतिसमाज असतो आणि तो आपले वेगळेपण टिकवण्यासाठी स्वतःची भाषा घडवतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, हॅलिडे यांच्या आधारसामग्रीचा एक मोठा भाग भारतीय होता. भक्तिप्रसाद मल्लिक यांनी कलकत्त्याच्या गुन्हेगारी जगातील भाषेचा अभ्यास केला होता आणि तो १९७२ साली प्रसिद्ध झाला होता.

प्रतिभाषेत व्याकरण सहसा मूळ भाषेचेच राहते. बदलतात ते शब्द, आणि तेही सगळे नव्हेत. त्या समाजाच्या दृष्टीने जे कळीचे आहे, तेवढेच. याला ‘पुनःशब्दीकरण’ म्हणता येईल. मुंबईच्या टोळ्यांच्या बोलीत पिस्तूल ‘घोडा’ होते, लाख रुपये ‘पेटी’ होतात, कोटी ‘खोका’ होतो. हवालदार ‘पांडू’ किंवा ‘मामा’ होतो. ‘सुपारी’ हा शब्द तर मराठी अर्थविस्ताराचा नमुनाच आहे. लग्न ठरले की सुपारी फुटते, तमाशाचा फड किंवा बँडवाला कार्यक्रमाची सुपारी घेतो, म्हणजे शब्द दिला-घेतला जातो. हाच बांधिलकीचा अर्थ पुढे पैसे घेऊन केलेल्या खुनाला चिकटला. त्यात नवा शब्द घडवलेला नाही. जुन्याच शब्दातील विश्वासाची कल्पना उचलून भलत्या ठिकाणी बसवली आहे.

पुनःशब्दीकरणाची दुसरी पायरी म्हणजे ‘अतिशब्दीकरण’. जी गोष्ट सर्वांत धोक्याची किंवा महत्त्वाची असते, तिच्यासाठी एक नव्हे तर अनेक शब्द तयार होतात. मल्लिक यांच्या सामग्रीत बॉम्बसाठी २१ आणि पोलिसांसाठी ४१ शब्द आढळतात, याकडे हॅलिडे लक्ष वेधतात. मुंबईच्या बोलीत खून करण्यासाठी असलेले पर्याय आठवून पाहा : गेम करणे, टपकवणे, उडवणे, खल्लास करणे, विकेट काढणे. यांत प्रत्यक्ष ‘मारणे’ कोठेच नाही. खेळाचा शब्द वापरला की कृती हलकी होते, आणि तिसऱ्याच्या कानी पडली तरी ती संशयास्पद वाटत नाही.

पण गंमत अशी की, ही बोली खबऱ्यालाही बोलावीच लागते. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त राकेश मारिया यांनी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आत्मकथनात एक प्रसंग नोंदवला आहे. संगीत-उद्योजक गुलशन कुमार यांच्यावर हल्ला होणार असल्याची खबर एका खबऱ्याने त्यांना फोनवरून आधीच दिली होती, असे ते सांगतात. आणि त्या खबऱ्याच्या तोंडी ‘विकेट’ हाच शब्द आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अंधेरीत गुलशन कुमार यांचा खून झाला. खबऱ्या पोलिसांशी बोलतानाही टोळीच्या भाषेतच बोलतो, हे येथे दिसते. त्याच्याजवळ दुसरी भाषा नसते. ती बोली हेच त्याच्या माहितीचे प्रमाणपत्र असते.

आपली प्रगती तपासा (१)
(अ) ‘सुपारी’ या शब्दाच्या अर्थविस्ताराचे टप्पे पाच-सहा वाक्यांत लिहा.
(आ) तुमच्या गावात किंवा व्यवसायात अतिशब्दीकरणाचे एखादे उदाहरण आढळते का? कोणत्या गोष्टीसाठी सर्वाधिक शब्द आहेत आणि का?

५.४ माणूस खबरी कसा होतो

हा भाग भाषेच्या बाहेरचा वाटेल. पण त्याशिवाय पुढचे विवेचन अधांतरी राहील.

मुंबईत टोळ्यांचे जग पोलिसांच्या जगापासून फार दूर कधीच नव्हते. दाऊद इब्राहिमचे वडील इब्राहिम कासकर हे मुंबई पोलिसांत हेड कॉन्स्टेबल होते, हे सर्वज्ञात आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत गिरणगावातील बेकार तरुणांपैकी काही टोळ्यांकडे वळले. त्याच गिरणगावात, त्याच प्रकारच्या चाळींत, कोकणातून आणि घाटावरून आलेले शिपाईही राहत होते. पाठलाग करणारा, पळणारा आणि त्या दोघांमध्ये निरोप पोहोचवणारा, तिघेही अनेकदा एकच मराठी बोलत. खबरी हा परका नसतो, हे यावरून समजून घ्यावे. तो नेहमी ‘आपल्यातला’ असतो. म्हणूनच त्याला माहिती असते, आणि म्हणूनच त्याचा राग इतका तीव्र असतो.

खबरी होण्याच्या वाटा थोड्या आहेत. एखादा लहान गुन्ह्यात सापडतो आणि सुटकेच्या बदल्यात बोलू लागतो. एखाद्याला टोळीतील प्रतिस्पर्ध्याचा काटा काढायचा असतो. एखाद्या बारमधील वेटरला, टॅक्सीचालकाला किंवा पानवाल्याला आपला धंदा सुखाने चालू राहावा एवढेच हवे असते. पैशाची वाटही आहे. पोलिसांकडे गुप्त सेवेसाठी निधी असतो. तस्करीच्या बाबतीत तर केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत जप्त मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत बक्षिसाची तरतूद आहे. सोन्याच्या बिस्किटांच्या तस्करीच्या काळात या तरतुदीने अनेकांच्या निष्ठा हलवल्या असणार, हे उघड आहे.

या नात्याचा सर्वांत नाजूक भाग निराळाच आहे. खबरी पोलीस खात्याचा नसतो, एका अधिकाऱ्याचा असतो. त्याचे खरे नाव त्या एकट्याला ठाऊक असते. कोठे नोंद नाही, ओळखपत्र नाही, कामाचा पुरावा नाही. त्या अधिकाऱ्याची बदली झाली, की खबरी पोरका होतो. नव्या अधिकाऱ्याच्या लेखी तो केवळ एक जुना गुन्हेगार असतो. टोळीनेही त्याचा वापर करून घ्यायला कमी केलेले नाही. विरोधी टोळीतील माणसाचा ठावठिकाणा खबऱ्यामार्फत पोलिसांच्या कानी घालायचा, म्हणजे आपली गोळी वाचते, ही युक्ती टोळ्यांना नवीन नव्हती. अशा वेळी खबरी नक्की कोणाचा, याचे उत्तर त्याला स्वतःलाही देता येईलच असे नाही.

५.५ ‘बातमी मिळाली’ : एका वाक्याचे व्याकरण

आता या घटकातील मुख्य मुद्द्याकडे येऊ. फिर्याद, पंचनामा किंवा दोषारोपपत्र यांमध्ये पुढील धाटणीचे वाक्य तुम्हांला हमखास भेटेल. नमुन्यादाखल ते असे :

‘गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली की, एक इसम अग्निशस्त्र विक्रीकरिता सदर ठिकाणी येणार आहे.’

या वाक्याचे पदान्वय करा. ‘मिळणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. येथे कर्ता कोण? बातमीदार नव्हे; पोलीस अधिकारीही नव्हे. व्याकरणदृष्ट्या कर्ता आहे ‘बातमी’. प्रयोग कर्तरी आहे आणि ‘मिळाली’ हे रूप बातमीच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. आता याच आशयाचे दुसरे वाक्य घ्या : ‘खबऱ्याने बातमी दिली.’ येथे कर्मणी प्रयोग आहे, आणि देणारा तृतीयेत स्पष्ट उभा आहे. तो गाळला, तर ‘कोणी दिली?’ हा प्रश्न लगेच उभा राहतो. ‘मिळाली’ म्हटले की तो प्रश्न इतका टोचत नाही. बातमी जणू आपोआप आली.

‘मार्फत’ हे शब्दयोगी अव्ययही नेमके निवडलेले आहे. ‘बातमीदाराकडून’ म्हटले असते, तर तो उगम ठरला असता. ‘मार्फत’ने त्याला केवळ वाट केले. आणि ‘खात्रीलायक’ हे विशेषण? खात्री कोणाची, कशावरून, हे वाक्य सांगत नाही. तरी वाचणाऱ्याची खात्री मात्र पटते.

ही रचना कारकुनी सवयीतून आली असे म्हणून चालणार नाही. तिच्यामागे कायदा उभा आहे. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम १२५ नुसार, गुन्ह्याविषयीची माहिती आपल्याला कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर किंवा दंडाधिकाऱ्यावर करता येत नसे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच तरतूद कलम १३१ मध्ये आली आहे. म्हणजे कायद्याने दिलेले मौन मराठी व्याकरणाने वाक्यात उतरवले आहे. एका अकर्मक क्रियापदाने आजवर किती माणसांचे प्राण राखले असतील, याची मोजदाद कोणी करणार नाही. भाषेच्या अभ्यासकाने या वाक्याकडे आदराने पाहावे, असे मला वाटते.

आदराने, पण भाबडेपणाने नव्हे. कारण जे वाक्य जिवंत माणसाला लपवते, तेच वाक्य अस्तित्वातच नसलेल्या माणसालाही लपवू शकते. खबऱ्या होता की नव्हता, हे वाक्यरचनेवरून कळण्याची सोय नाही. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मारली गेली; त्यांच्या खरेपणाचा प्रश्न ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ या संस्थेने न्यायालयात नेला. अशा घटनांच्या कथनाचा आरंभ बहुधा याच ‘बातमी मिळाली’ने होतो. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी या प्रकरणात जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांतील पहिलेच तत्त्व असे आहे की, गंभीर गुन्ह्याच्या संदर्भात गुन्हेगारांच्या हालचालींची खबर मिळाली तर ती लेखी अथवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात नोंदवली पाहिजे. मात्र संशयिताचा किंवा ठिकाणाचा तपशील त्यात उघड करण्याची गरज नाही. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातील कलम ४२ मध्येही मिळालेली माहिती लिहून काढण्याचे आणि तिची प्रत ७२ तासांच्या आत वरिष्ठांकडे पाठवण्याचे बंधन आहे. नाव न विचारता बातमीची वेळ पक्की करणे, हा यातील मार्ग आहे. खबऱ्या अंधारातच राहतो. पण बातमी आधी आली की बंदूक आधी चालली, हे तपासता येते.

खबऱ्याची गल्लत इतर दोघांशी होऊ देऊ नका. ‘माफीचा साक्षीदार’ हा गुन्ह्यातील सहभागी असतो आणि न्यायालयात उभा राहून बोलतो. ‘फितूर साक्षीदार’ आधीचा जबाब फिरवतो. हे दोघेही कागदावर आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना अशा साक्षीदारांसाठी आहे. जबाब देणारा किंवा साक्ष देण्यास तयार असलेला माणूस तिच्या कक्षेत येतो. ज्याने जबाबच दिला नाही, ज्याचे नाव कोठेच नाही, त्या खबऱ्याला तिचा आधार कसा मिळणार? ज्या मौनाने त्याला राखले, तेच मौन त्याला संरक्षणाच्या बाहेरही ठेवते.

आपली प्रगती तपासा (२)
(अ) पुढील वाक्यांतील कर्ता व प्रयोग ओळखा आणि दोहोंतील अर्थभेद सांगा : ‘चोराने घड्याळ पळवले.’ ‘घड्याळ चोरीला गेले.’
(आ) ‘मार्फत’ आणि ‘कडून’ यांतील फरक दाखवणारी प्रत्येकी दोन वाक्ये तुमच्या अनुभवातून लिहा.

५.६ संशय ही एक वाक्कृती

जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतून वाक्कृतीचा सिद्धान्त पुढे आला, हे तुम्ही घटक २ मध्ये वाचले आहे. काही उक्ती वस्तुस्थितीचे वर्णन करत नाहीत. त्या स्वतःच कृती असतात. टोळीच्या बैठकीत ‘तो खबरी आहे’ असे कोणी म्हटले, तर ते वरवर साधे विधानवाक्य दिसते आणि त्याची सत्यासत्यता तपासता येईल असे वाटते. प्रत्यक्षात ती शिक्षेची घोषणा असते. न्यायालयात आरोप आणि निकाल यांच्यामध्ये साक्ष, उलटतपासणी, अपील अशी मोठी वाट आहे. येथे आरोप हाच निकाल.

म्हणून वर्तमानपत्रांतील एक शब्दप्रयोग बारकाईने वाचावा : ‘पोलिसांचा खबरी असल्याच्या संशयावरून खून’. यातील ‘संशयावरून’ हा शब्द पत्रकाराने सावधपणासाठी घातलेला असतो. पण तो अनवधानाने सर्वांत खरी गोष्ट सांगून जातो. मारले गेलेले सगळेच खबरी नसतात. ज्याच्या खिशात अचानक पैसे आले, जो पोलीस ठाण्यातून लवकर सुटला, जो छाप्याच्या वेळी नेमका तिथे नव्हता, त्याच्याकडे बोट जाते. आणि जो खरोखर खबर देतो, तो अनेकदा स्वतःवरचा संशय टाळण्यासाठी दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मेलेल्या माणसाचे मृत्यूनंतरही पोलीस नाव घेत नाहीत. तो आमचा होता असे म्हणावे तर उरलेले खबरी घाबरतील, आणि नव्हता असे म्हटले तरी कोणी विश्वास ठेवणार नाही. त्याच्या घरच्यांकडे उरतो तो फक्त तो एक शब्द, वस्तीत दबक्या आवाजात उच्चारला जाणारा.

आता ज्योतिर्मय डे यांच्याकडे वळू. ते गुन्हेगारी जगतावर लिहिणारे मुंबईतील अनुभवी पत्रकार होते. खबऱ्यांवरील त्यांचे पुस्तक येऊन वर्ष-दीड वर्षही झाले नव्हते. ११ जून २०११ रोजी पवई भागात मोटारसायकलवरून जात असताना त्यांच्यावर गोळ्या झाडून त्यांचा खून करण्यात आला. २ मे २०१८ रोजी विशेष न्यायालयाने छोटा राजन आणि इतरांना दोषी ठरवून जन्मठेपेची शिक्षा दिली. डे यांच्या लेखनामुळे राजन चिडला होता, असे अभियोग पक्षाचे म्हणणे होते.

डे खबरी नव्हते. ते बातमीदार होते, वर्तमानपत्रातल्या अर्थाने. पण टोळ्यांच्या जगात माणसे भेटतात, बोलतात, माहिती इकडून तिकडे जाते. आणि जो माहिती हाताळतो, त्याच्याविषयी ‘हा कोणासाठी?’ हा एकच प्रश्न तिथे विचारला जातो. ‘बातमीदार’ या शब्दाचे दोन अर्थ मराठीच्या कोशात शेजारी शेजारी सुखाने राहू शकतात. रस्त्यावर तसे होत नाही.

५.७ उपक्रम

तुमच्या जिल्ह्यातील कोणत्याही मराठी दैनिकाचे सलग सात दिवसांचे अंक मिळवा. त्यांतील पोलीस कारवाईच्या बातम्यांतून ‘मिळाली’, ‘समजले’, ‘निष्पन्न झाले’, ‘कळते’ अशा क्रियापदांची वाक्ये उतरून काढा. प्रत्येक वाक्यासमोर तीन रकाने आखा : माहिती देणारा कोण, तो वाक्यात आहे की नाही, आणि नसल्यास तो का नसावा. खेड्यात राहणाऱ्यांनी आपल्या पोलीस पाटलांशीही बोलावे. गुन्ह्याची माहिती पोलिसांना कळवणे हे १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने त्यांच्यावर सोपवलेले उघड कर्तव्य आहे. तेच काम नावानिशी, पदानिशी आणि मानधन घेऊन करणाऱ्या या माणसाला गावात कोणत्या शब्दांनी ओळखले जाते, समोर कोणत्या आणि पाठीमागे कोणत्या, हे नोंदवा. बोलणाऱ्यांची नावे मात्र तुमच्या वहीत लिहू नका.